काँग
काँग : आयर्लंडच्या मेयो काउंटीतील, गॉलवेच्या हद्दीला खेटून असलेले छोटे खेडे. उत्तरेस मास्क आणि दक्षिणेस कॉरिब ही सरोवरे. त्यांमधल्या अरुंद पट्ट्यावर गाव वसले असून आयरिश नाव ‘कुंगा’ याचा अर्थही तसाच आहे. जमीन चुनखडकाची. मास्कचे पाणी भुयारी वाटांनी येऊन गावाजवळ उसळून वर येते व कॉरिबला मिळते.

मठ : संत फेहिन याने सातव्या शतकात स्थापल्याची परंपरा आहे. 1114 मध्ये जळाला; पुढे कॉनॉटचा राजा टरलॉ ओकॉनर याच्या आश्रयाने ऑगस्टिनियन मठ म्हणून उभा राहिला. त्याचा मुलगा रॉरी, आयर्लंडचा अखेरचा महाराजा, 1198 मध्ये येथे वारला. आजचे अवशेष बहुतांशी तेराव्या शतकातील. एकोणिसाव्या शतकातील डागडुजीमुळे जुने कोरीवकाम कोणते आणि नवे कोणते, हे सांगताना जपून राहावे लागते. शेजारी नदीवर कमानीवर बांधलेली दगडी खोली आहे. तिच्या जमिनीतल्या भोकातून भिक्षू जाळे सोडत. मासा लागताच स्वयंपाकघरातली घंटा वाजे, असे गावात सांगतात.

काँगचा क्रूस : गावाची कीर्ती खरी यावर आहे. टरलॉने 1123 मध्ये करवून घेतलेला हा मिरवणुकीचा क्रूस बहुधा ट्यूम येथील चर्चसाठी घडवला गेला. काँगला तो केव्हा आला, याबद्दल एकमत नाही. उंची सुमारे 76 सेंमी. ओकच्या लाकडावर ब्राँझचे पत्रे, त्यांवर सोन्याचा मुलामा आणि एकमेकांत गुंतलेले लांबट प्राणी. मध्यभागी स्फटिक, त्यामागे येशूच्या क्रूसाचा मानलेला तुकडा ठेवत, तो आता नाही. तळाशी एका श्वापदाने क्रूस जबड्यात धरला आहे. कडांवर लॅटिन व आयरिश लेख आहेत. आयरिश लेखात राजा आणि आर्चबिशप मुरेदाख ओडफी (मृत्यू काँग येथे, 1150) यांच्याबरोबर घडवणाऱ्या कारागिराचे, मेल ईसूचे, नावही येते. त्याच्यासाठीही प्रार्थना मागितली आहे. 1839 मध्ये गणिती जेम्स मॅककल्ला याने क्रूस विकत घेऊन रॉयल आयरिश अकादमीला दिला. तो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. काँगकरांना हा व्यवहार फारसा रुचला नव्हता.

बाजारक्रूस : खांब नवा, बैठक जुनी. बैठकीवर मठाधिपती निकोल व गिल्बर्ट यांच्यासाठी प्रार्थनेची विनंती कोरली आहे. आडनाव पुन्हा ओडफीच. प्रवासी बहुधा हा लेख न वाचताच छायाचित्र काढतात.

कालवा : दोन्ही सरोवरे जोडण्यासाठी दुष्काळाच्या काळात, 1848 मध्ये काम सुरू झाले, 1854 मध्ये थांबले. सच्छिद्र खडकात पाणी टिकले नाही, हे लोकप्रिय कारण. पैशाची ओढ आणि येऊ घातलेली रेल्वे हीही कारणे दिली जातात. दगडी बांधणीचे बंदिस्त टप्पे आजही कोरडे उभे आहेत.

इतर : ऑस्कर वाइल्डचे वडील विल्यम यांनी 1865 च्या सुमारास जवळच मॉयटुरा हे घर बांधले. पुराणकथेतील मॉयटुराची रणभूमी हीच, हे त्यांचे मत सर्वमान्य नाही. ‘बॉयकॉट’ हा शब्द ज्याच्या नावावरून आला, तो कॅप्टन 1880 मध्ये मास्कच्या काठीच राहत होता. ॲशफर्ड किल्ला 1852 मध्ये गिनेस घराण्याकडे गेला, आता हॉटेल.

जॉन फोर्डच्या ‘द क्वाएट मॅन’चे चित्रीकरण 1951 मध्ये येथे झाले.