कमांड लाइन आर्ग्युमेंट्स: छोट्या स्क्रिप्टला किती कोड पुरतो?

मोबाइलवर टर्मक्स अ‍ॅप टाकून पायथन शिकताय? मग लवकरच प्रश्न पडतो, स्क्रिप्टला माहिती द्यायची कशी? दरवेळी फाइल उघडून आकडे बदलायची गरज नाही. माहिती कमांडच्या पुढेच लिहायची. तिलाच कमांड लाइन आर्ग्युमेंट्स म्हणतात.

समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या पोत्यांची तालुक्यानुसार नोंद करणारी स्क्रिप्ट आहे. कमांड अशी (कमांड आणि फाइलचं नाव प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत टाइप करा):

पायथन धान.पीवाय २५ तिरोडा

आत काय होतं?

पायथन हे शब्द 'सिस.आर्गव्ही' या यादीत ठेवतं. क्रमांक ० वर स्क्रिप्टचं नाव, १ वर २५ आणि २ वर तिरोडा. 'आर्गव्ही' हे नाव सी भाषेतून आलंय. यादीतली प्रत्येक गोष्ट मजकूर असते, म्हणून हिशेबाआधी 'इंट' वापरून २५ चा आकडा करावा लागतो. 'इंट'ला देवनागरी अंकही समजतात.

गडबड कुठे होते?

आता तिरोड्याऐवजी सडक अर्जुनी लिहून बघा. स्पेस दिसली की शेल तिथे तुकडा पाडतं. पायथनकडे 'सडक' आणि 'अर्जुनी' असे दोन शब्द जातात. स्क्रिप्ट क्रमांक २ चा शब्द उचलते आणि तालुका म्हणून फक्त 'सडक' नोंदवते. एररही येत नाही! फाइल डिलीट करणाऱ्या कमांडमध्ये असं झालं, तर भलतीच फाइल उडू शकते.

तीन सवयी लावा

१. स्पेस असलेलं नाव सरळ अवतरणचिन्हांत लिहा: "सडक अर्जुनी". कुठून तरी कॉपी केलेली वळणदार चिन्हं शेलला चालत नाहीत.
२. यादीची लांबी तपासा. इथे ती बरोबर ३ हवी. नसेल तर कमांड कशी लिहायची ते दाखवा आणि स्क्रिप्ट थांबवा.
३. आकड्याच्या जागी आकडाच आहे ना, हे नोंद करण्याआधी बघा.

एवढ्याला पाच-सहा ओळी पुरतात.

मग 'आर्गपार्स' कधी?

डॅशवाले पर्याय वाढले किंवा स्क्रिप्ट इतरांना वापरायला द्यायची असेल, तेव्हा. पायथनसोबतच मिळणारं हे मॉड्यूल मदतीचा मजकूर आपोआप तयार करतं आणि जादा शब्द आला तर एररही देतं. पण अवतरणचिन्हं तिथेही लागतातच, कारण तुकडे शेल आधीच पाडून मोकळं झालेलं असतं.