सातबारा उतारा

महाराष्ट्रातील शेतजमिनीचा महसुली उतारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली गावपातळीवर जे नमुने ठेवले जातात, त्यांतील सातवा (अधिकार अभिलेख) आणि बारावा (पिकांची नोंदवही) मिळून सातबारा होतो. नमुना सातमध्ये गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य भाग, आणि आकार म्हणजे शेतसारा असतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. व्यवहार मात्र गुंठ्यांतच बोलला जातो. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर.

जमीन घेणारा आधी नाव पाहतो. खरे तर ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचायला हवा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा हे सगळे तिथे सापडते. भूधारणा ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विक्री करता येत नाही. वर्ग १ ला सहसा अशी आडकाठी नसते.

नावाशेजारच्या वर्तुळातला आकडा फेरफाराचा, म्हणजे नमुना सहामधील नोंदीचा. खरेदी, वारस, वाटणी, बोजा यांची नोंद तिथे होते आणि मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केल्यावर सातबाऱ्यावर उतरते. हस्तलिखित उताऱ्यात कंसातले नाव कमी झालेले समजावे. ते कोणत्या फेरफाराने कमी झाले, हे जुने उतारे काढून पाहावेच. वडिलांच्या मागे थोरल्या भावाचे नाव ‘ए.कु.मॅ.’, अर्थात एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागते. बाकीच्या भावंडांचा हिस्सा त्याने बुडत नाही. पण पुढच्या उताऱ्यांत ती अक्षरे गळतात, जमीन थोरल्याचीच समजली जाते आणि वाद कोर्टात जातो. बहिणींच्या बाबतीत नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. त्यातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरली जाते, इतकेच. मालकी ठरते ती खरेदीखत, वारसा किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून.

एका खातेदाराची गावातील सगळी जमीन ‘आठ-अ’वर एकत्र दिसते. पीकपाहणी २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंदवू शकतो. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक चालते, तर गोव्यात नमुना १ व १४ चा उतारा.