कल्याण बंदर आणि यवनांचा वारा

ग्रीक व रोमन लोकांनीं निसर्गास जिंकलें, असें पुष्कळ वेळां म्हटलें जातें. आमच्या कल्याणचा इतिहास मात्र निराळें सांगतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांतील ‘कल्लिएना’ तें हेंच, उल्हासच्या खाडीवरील बंदर. मिसर देशांतून भारताकडे येणारीं गलबतें जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य वाऱ्यावर भरसमुद्र ओलांडीत. परतण्यास हिंवाळ्यांतील ईशान्य वाऱ्याची वाट पाहावी लागे. भरसमुद्राची वाट काढणाऱ्या हिप्पलस या नाखव्याचें नांव त्यांनीं त्या नैर्ऋत्य वाऱ्यास दिलें. परंतु नांव दिल्यानें वारा त्यांचा झाला नाहीं. कोंकणचीं भातखाचरें भिजविणारा वारा तोच. त्याच्या वेळेस आपली वेळ जुळविणें, एवढेंच त्यांच्या हातीं होतें.

हें बंदर त्यांस मिटलें, तेंही निसर्गाच्या कोपानें नव्हे. सातवाहनांच्या अमलांत रीतसर पेठ असलेलें कल्याण ‘संदनेस’ याच्या हातीं गेलें, आणि चुकून तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेलीं जाऊं लागलीं. पुढें सहाव्या शतकांत कॉस्मस या ग्रीक लेखकानें येथील तांब्याचा व कापडाचा व्यापार पुन्हां नमूद केला. वारा तर प्रतिवर्षीं येतच होता. समुद्राचे नियम माणसास शिकतां येतात. राजाज्ञेचा ऋतु कोणत्या नाखव्यास ओळखतां यावा?