सासष्टीचे झालेले परदेशी पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

धर्मग्रामाचा महोत्सव आला म्हणजे मंदिराची पायाभरणी केव्हा झाली, वेदी कोणी बांधविली, घंटा कोठून आली, यांची सालवारी आम्ही मोठ्या आवडीने सांगतो. ते योग्यच होय. परंतु ज्या भाषेत आम्ही प्रार्थना करितो, त्या भाषेत ख्रिस्तचरित्र प्रथम विस्ताराने कोणी गाइले, आणि ते गाण्याकरिता त्या पुरुषास काय सोडावे लागले, याचे स्मरण आम्हांस क्वचितच होते. म्हणून या प्रसंगी येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

फादर स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. त्यांचे वडील लंडनचे व्यापारी. त्या काळी एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक धर्म उघडपणे पाळणे कठीण झाले होते. त्यांचे जिवलग मित्र थॉमस पाउंड यांस याच कारणावरून दीर्घ कारावास घडला. स्टीफन्स यांनी रोमची वाट धरली, व १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले. पुढे वरिष्ठांच्या अनुमतीने त्यांनी हिंदुस्थानचे सेवाक्षेत्र पत्करिले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून पाच जहाजे गोव्यास निघाली. खलाशी व शिपाई यांच्याबरोबर त्यांत पुष्कळ बायकामुलेही होती. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला गोव्याहून वडिलांस लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी या प्रवासाचे वर्णन केले आहे. समुद्राचे हाल मोठ्या माणसांपेक्षा लेकरेच बरे सोसतात, असे त्यांच्या दृष्टीस पडले. ताज्या अन्नापाण्यावाचून लोकांच्या हिरड्या सुजत, पाय फुगत. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली व त्यांपैकी २७ दगावली. एवढेच मेले, म्हणून जाणते लोक समाधान मानीत होते! २४ ऑक्टोबरला जहाज गोव्यास लागले. पत्राच्या शेवटी पुत्र पित्यास कळवितो की, द्राक्षवेल सोडली तर युरोपातले एकही झाड येथे दिसले नाही. येथील पेय म्हणजे चांगले पाणी, नाही तर माडाचा रस. वयाच्या तिशीत आलेल्या या परदेशी माणसाचे नव्या घराशी झालेले हे पहिले बोलणे होय. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

गोव्यात गुरुदीक्षा मिळाल्यावर त्यांची योजना सासष्टीत झाली, व पुढील आयुष्य त्यांनी बहुतेक तेथेच वेचिले. नव्या देशात घर करावयाचे तर आधी तेथील बोलीत घर करावे लागते, हे त्यांनी ओळखिले. २४ ऑक्टोबर १५८३ रोजी पॅरिस येथे राहणाऱ्या आपल्या भावास त्यांनी पत्र लिहिले. येथील भाषांचे उच्चार कानास गोड असून त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे त्यात ते सांगतात. ज्यास इतर परके लोक रानटी बोली समजत, त्यात त्यांस शास्त्र व सौंदर्य दिसले.

परंतु हे वास्तव्य निर्वेध नव्हते. सासष्टीतील देवालये पोर्तुगीज सत्तेने पूर्वीच पाडली होती, व त्याचे दुःख लोकांच्या मनांत धुमसत होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार संघबंधू मारले गेले. त्यांच्याबरोबर काही श्रद्धावंतांनीही प्राण दिले. संघातील पाचही जणांस १८९३ साली धन्य म्हणून गौरविण्यात आले. त्यांचे स्मरण आम्ही आदराने करितो. परंतु पुढे कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्याने ठार करण्यात आले, हेही सांगितल्यावाचून राहणे सत्यास धरून होणार नाही. ज्या घरात असे दोन्हीकडचे रक्त सांडले, त्याच घरात फादर स्टीफन्स यांस उरलेले आयुष्य काढावयाचे होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच, न्यूबेरी इत्यादी चार इंग्रज कैदी होऊन गोव्यास आले. दोनच वर्षांपूर्वी लंडनात फादर एडमंड कँपियन यांस देहदंड झाला होता. तरी फादर स्टीफन्स यांनी मनात अढी न धरिता या देशबांधवांकरिता खटपट केली, व ते जामिनावर सुटले.

नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली होती. त्यांच्या जागी ओठांवर घोळवावयास काही नव्हते. ही उणीव ओळखून फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचिले. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर मिळून सुमारे अकरा हजार ओव्या होतात. पुस्तके देशी लिपीत छापावी अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ साली त्यांनी रोमला संघाच्या मुख्य वरिष्ठांस तसे लिहिले. परंतु आपल्या चोवीस अक्षरांच्या जागी येथे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतात, ही अडचण मोठी होती. अखेर १६१६ साली रायतूर येथे हा ग्रंथ रोमन लिपीतच छापिला गेला. १६१९ साली सासष्टीतच त्यांचे देहावसान झाले. त्यांची ख्रिस्ती शिक्षणाची पुस्तिका १६२२ साली व कोकणी भाषेचे व्याकरण १६४० साली, अशी दोन्ही त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली.

पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी मातृभाषा टाकून पोर्तुगीज बोलावे, असे फर्मान काढिले. तथापि हुकुमाने ओठ बांधता येतात, पाठांतर बांधता येत नाही. ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती भाविकांनी घरोघर जपिल्या. मंगळूरकडे गेलेल्या कॅथलिक कुटुंबांतही त्या टिकल्या. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सल्डाना यांनी हा ग्रंथ पुन्हा छापिला. देवनागरीत तो १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आणिला. फादर स्टीफन्स यांची इच्छा पुरी होण्यास त्यांच्या मृत्यूनंतर ३३७ वर्षे लागली!

वाचकहो, ज्या गृहस्थाने पित्याचे घर सोडिले, त्यास सासष्टीतील सामान्य कुटुंबांनी आपल्या घरात जागा दिली, व तीनशे वर्षे त्याचे शब्द सांभाळिले. परका मनुष्य आपला कसा होतो, याचे उत्तर यात आहे: तो आपली भाषा शिकतो, आणि आपण त्याचे बोल विसरत नाही. आज आमच्यातीलही पुष्कळ मुलेमुली पोटासाठी वा सेवेसाठी दूर देशी जातात. त्यांनी तेथील बोलीत घर करावे. आणि मागे राहिलेल्या आम्ही कपाटात धूळ खात पडलेली जुनी प्रार्थनापुस्तके व गाण्यांच्या वह्या या महोत्सवाच्या वर्षी तरी बाहेर काढून मुलांस वाचून दाखवाव्या. मंदिराच्या भिंतींइतकेच हेही धर्मग्रामाचे धन होय.