कोड्याचा न्याय

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. ज्ञानदेव, नामदेव, मुक्ताबाई ही मंडळी एकत्र जमली असता कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते याची पारख गोरोबाकाकांनी थापटण्याने केली, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे बसले. इतर शांत राहिले, नामदेव मात्र रागावले, आणि काकांनी त्यांना कच्चे ठरविले. कथेची ऐतिहासिकता कितीही असो, परीक्षकाविषयी ती दोन गोष्टी सांगून जाते. थापटणे सर्वांना एकच होते, आणि निकाल सर्वांदेखत लागला. आज आम्हांस ज्या परीक्षेचा इतिहास पाहावयाचा आहे तीही डोक्याचीच, पण शब्दांच्या कोड्यांतून होणारी. कोडे चांगले की वाईट, हे कोणी आणि कशावरून ठरवावे?

कोड्यांची आवड आपल्याकडे नवी नव्हे. गणेशाची लेखणी क्षणभर थांबावी म्हणून व्यासांनी महाभारतात कूट श्लोक घातले, अशी आख्यायिका आहे. संतवाङ्मयात कूट अभंग आहेत. मुक्ताबाईंच्या नावावरील मुंगीचा अभंग त्यांत विशेष प्रसिद्ध. एकनाथांची कित्येक भारुडे वरून खेळकर, पण आतून वेदान्तपर आहेत. कूट म्हणजे नुसते दुर्बोध लिहिणे नव्हे. वरचा अर्थ चकवितो. आतला अर्थ सापडला की प्रत्येक शब्द जागच्या जागी बसतो. एखादा शब्द उरला, तर दोष ऐकणाऱ्याचा नसून रचणाऱ्याचा.

शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात ही परीक्षा चव्हाट्यावर आली. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एका फडाने कवनातून सवाल टाकावयाचा, दुसऱ्याने कवनातूनच जबाब द्यावयाचा. सवालाला शास्त्रपुराणांचा आधार असे, म्हणून जबाबालाही तो लागे. जो सवाल फक्त विचारणाऱ्याच्या मनातच सुटतो, तो जाणत्या श्रोत्यांपुढे टिकणे कठीण.

पुढे छापखाना आला आणि कोडे वर्तमानपत्रात शिरले. चौकटींचे शब्दकोडे प्रथम २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन यांनी प्रसिद्ध केले. आपल्याकडे या खेळाला बक्षिसांचे आणि प्रवेश-फीचे स्वरूप आले, आणि तेथेच न्यायाचा प्रश्न उभा राहिला. उदाहरणादाखल आम्हीच एक सूचना रचतो: ‘हा गेला की व्यापाऱ्याला दुःख होते’. अक्षरे दोन, पहिले ‘मा’. उत्तर ‘माल’ की ‘मान’? दोन्ही शब्द तितकेच योग्य. ज्याचा शब्द संयोजकांनी आधी ठरविलेल्या शब्दाशी जुळला तो जिंकला. ही बुद्धी नव्हे, सोडत झाली. आणि सोडतीत फी जाते ती बहुधा बेताच्या मिळकतीच्या माणसाची.

हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील शब्दकोड्यांवर मुंबई राज्याने कर बसविला होता. चालक होते आर. एम. डी. चमारबागवाला. इकडे संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसांना त्याने बंदी घातली. हा कायदा १ एप्रिल १९५६ पासून अमलात आला. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता; त्याच वर्षी १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला. १९५७ साली न्यायालयाने असा निर्णय दिला की, यश मुख्यतः नशिबावर अवलंबून असेल तर तो जुगार, आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाही. यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर ती स्पर्धा या कायद्याच्या निर्बंधांत येत नाही. भेद शब्दकोड्याच्या नावात नव्हता, ते रचण्याच्या रीतीत होता.

याच काळात इंग्लंडात एक वेगळी रीत रुजत होती. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात १९३९ पासून डी. एस. मॅकनट हे शिक्षक ‘झिमेनेस’ या टोपणनावाने कोडी रचीत. ते वाचकांना एक शब्द देत आणि त्यावर कूट सूचना रचून पाठवावयास सांगत. म्हणजे उत्तर सर्वांना ठाऊक, परीक्षा फक्त सूचनेची. निकालाबरोबर ते छापील टिपण काढून कोणती सूचना का आवडली आणि कोणती का नाकारली हे सांगत. १९६६ साली त्यांनी या कलेचे नियम ग्रंथरूपाने मांडले. १९७१ मध्ये ते वारल्यावर ‘अझेड’ या नावाने लिहिणाऱ्या जोनाथन क्राउदर यांनी १९७२ पासून तीच परंपरा पुढे चालविली.

त्यांचा मुख्य नियम मराठीतही लागू पडतो. सूचनेत उत्तराचा सरळ अर्थ असावा, त्याच शब्दाकडे नेणारी शब्दांची करामत असावी, आणि यांखेरीज फालतू शब्द नसावा. समजा, दिलेला शब्द आहे ‘दीन’. एकाने लिहिले: ‘ज्याच्यापाशी काही नाही असा’. अर्थ बरोबर, पण रंक, कंगाल, फकीर, काहीही चालेल. दुसऱ्याने लिहिले: ‘उलट वाहणारी नदी गरीब’. नदी हा शब्द उलटा वाचला की दीन, आणि दीन म्हणजे गरीब. डोळ्यांपुढे पाण्याचे चित्र उभे राहिल्याने वाचक चकतो. पण उत्तर कळल्यावर त्याला तक्रार करावयास जागा राहत नाही. बक्षीस दुसऱ्यालाच द्यावयाचे, आणि ते का, हे सांगावयाचेही.

आपल्या जिल्ह्यातील एखाद्या वाचनालयाने कोडी रचण्याची अशी स्पर्धा घेतली, तर तिला खर्च फारसा नाही. प्रवेश-फी नको, बक्षीस म्हणून एखादे पुस्तक पुरे. मात्र परीक्षकाने नाकारलेल्या सूचनांतील दोन-चार घेऊन त्या का उतरल्या नाहीत, हे फळ्यावर लिहावे. हरलेल्याला आपले मडके कोठे कच्चे राहिले हे कळले, तर तो पुढच्या वर्षी पुन्हा येईल.