फुसका बार आणि न फुटलेला गोळा

अपेक्षाभंगासाठी बोलीतल्या इंग्रजीत एक आखूड शब्द आहे : 'डड'. पडलेले नाटक डड, न वटलेला धनादेश डड, रंग न भरलेली मेजवानीही डड. मराठीत त्यासाठी 'फुसका बार' हाताशी तयारच असतो. गेल्या सत्रात भाषांतरासाठी पहिल्या महायुद्धाविषयीचा एक उतारा दिला होता. त्यातील 'डड शेल्स'चे बहुतेकांनी 'फुसके गोळे' केले. ते खटकले, पण का, हे मला त्या तासाला धड सांगता आले नाही.

वस्तुतः दारूकामातून आलेले असे इतरही प्रयोग इंग्रजीत आहेत. 'फ्लॅश इन द पॅन' हा चकमकीच्या बंदुकीचा. रंजक भपकन पेटते, परंतु आग नळीतल्या दारूपर्यंत पोहोचत नाही आणि गोळी जागीच राहते. (सोने शोधणाऱ्यांच्या परातीशी त्याचे नाते जोडणारी कथा लोकप्रिय आहे, मात्र कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले तेव्हा हा प्रयोग जुना झाला होता.) 'डॅम्प स्क्विब' म्हणजे सादळलेला फटाका, दिवाळी पाहिलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. या दोहोंना 'फुसका बार' चपखल बसतो, कारण फजिती होते ती बार काढणाऱ्याचीच.

'डड'चे कुळ निराळे आहे. मूळ अर्थ जाडेभरडे वस्त्र, त्यावरून चिंध्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निकामी माणूस वा वस्तू. महायुद्धात सैनिकांनी तो न फुटणाऱ्या तोफगोळ्याला लावला. त्यामागे कारखान्यांचा इतिहास आहे. १९१५ साली ब्रिटनला तोफगोळ्यांची तीव्र टंचाई भासली. लॉइड जॉर्ज यांच्या हाती नवे दारूगोळा खाते आले, उत्पादन झपाट्याने वाढवले गेले आणि घाईत सदोष फ्यूज बसवलेले गोळे आघाडीवर पोहोचले. २४ जून १९१६पासून आठवडाभर सोमच्या आघाडीवर सुमारे पंधरा लाख गोळे डागण्यात आले. त्यांतले पुष्कळ फुटलेच नाहीत. जे फुटले, त्यांतही मोठा वाटा श्रॅप्नेलचा. त्याने काटेरी तारा बऱ्याच ठिकाणी तुटल्या नाहीत आणि जर्मनांची खोल भुयारे शाबूत राहिली. १ जुलैच्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची १९,२४० माणसे मेली.

असा शब्द पुढे पडलेल्या नाटकाला लागावा, हे विलक्षणच. पण तो तोफ डागणाऱ्याच्या बाजूने बोलतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. निराशा त्याची. ज्याच्या शेतात गोळा रुतला, त्याच्या लेखी तो फुसका कधीच नव्हता. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतकऱ्यांच्या नांगराला हे गोळे अजून लागतात; या उत्पन्नाला तिकडे 'लोखंडी पीक' म्हणतात. मार्च २०१४मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे त्या युद्धातला असाच दारूगोळा फुटून बांधकामावरचे दोन कामगार ठार झाले. युद्ध सुरू झाल्याला तेव्हा शंभर वर्षे होत आली होती.

एका विद्यार्थिनीने मात्र साधे 'न फुटलेले गोळे' असे लिहिले होते. मुळातली तुच्छता, सैनिकी बोलीचा तो फटकळपणा त्यात नाही, म्हणून मी तिचा अर्धा गुण कापला होता. तो परत दिला आहे.