नलिनी मलानी : सावल्यांच्या भाषेत इतिहास

नवी मुंबई, प्रतिनिधी

अंधाऱ्या दालनात छताला टांगलेली पारदर्शक नळकांडी संथपणे फिरतात. त्यांवर उलट बाजूने रंगविलेल्या आकृत्यांमधून प्रोजेक्टरचा झोत आरपार जातो आणि भिंतीवर सावल्या व चलत्चित्रे एकमेकांत मिसळतात. नलिनी मलानी यांचे हे 'व्हिडिओ-छायानाट्य' आहे. समोर दिसते ते चित्र, चित्रपट की केवळ आभास, असा प्रश्न प्रेक्षकाला पडावा, हीच त्याची रचना.

मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीनंतर कुटुंब कोलकात्यास व पुढे मुंबईस आले. सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण झाल्यावर १९६९ मध्ये त्या चित्रकार अकबर पदमसी यांच्या 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप'मध्ये दाखल झाल्या. तेथे त्यांनी 'ड्रीम हाउसेस' हा लघुचित्रपट केला. आपल्याकडे चित्रकाराने कॅमेरा हाती घेणे तेव्हा अपवादात्मकच होते.

त्यांच्या कलेत दृष्टिभ्रम हा करमणुकीचा खेळ नाही. विस्मृतीत ढकललेल्या गोष्टी पुन्हा दिसू लागण्याची ती वाट आहे. १९९२ साली 'सिटी ऑफ डिझायर्स' प्रदर्शनात त्यांनी थेट गॅलरीच्या भिंतींवर चित्रे काढली आणि अखेरीस ती पुसून टाकली. चित्र पुसण्याची कृती हाच त्यांच्या प्रयोगांचा एक भाग झाला. १९९३ मध्ये अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह त्यांनी हाइनर म्यूलर यांच्या 'मीडिया'विषयक संहितेवर प्रयोग केला.

पोखरणच्या १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर मंटो यांच्या कथेवर आधारित 'रिमेम्बरिंग टोबा टेकसिंग' ही मांडणी आली. पत्र्याच्या ट्रंकांमध्ये दूरचित्रवाणी संच ठेवलेले. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकाच साडीची घडी घालू पाहतात. मधले अंतर मिटत नाही आणि घडीही जमत नाही. फाळणीवरील ग्रंथांतून जे कळते, ते येथे एका घरगुती कृतीतून जाणवते.

कॅसल येथील २०१२ च्या 'डॉक्युमेंटा'त 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' सादर झाले. फैज यांच्या कवितेवरून शीर्षक घेतलेल्या या कलाकृतीत ग्रीक पुराणातील कॅसांड्रा आणि महाश्वेतादेवींची द्रौपदी एकत्र येतात. कॅसांड्राला भविष्य दिसते, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. स्त्रीचा न ऐकलेला आवाज हे मलानी यांच्या कलेचे सूत्र येथे ठळक होते.

सावल्यांचा हा खेळ महाराष्ट्राला नवा नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यावर रामकथा सांगत आल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिके'तून काचेवरील चित्रे हलती केली. तेथे प्रेक्षक पडद्यासमोर बसे. मलानी यांच्या दालनात तो चित्रांच्या मधोमध उभा असतो, त्यामुळे एका वेळी सारे पाहणे त्याला शक्य नसते. आपले पाहणे अपुरे आहे, ही जाणीवच तो सोबत नेतो.

दृष्टिक्षेप

२०१३ : फुकुओका पुरस्कार
२०१७-१८ : पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात सिंहावलोकनी प्रदर्शन
२०१९ : जोआन मिरो पुरस्कार
२०२३ : क्योटो पुरस्कार, लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'माय रिअॅलिटी इज डिफरंट'